कचऱ्याचा थांबा : हवा की नको?

गावात दवाखाना व्हावा असे म्हटले, तर जागा द्यायला चार माणसे पुढे येतात. कचऱ्याचे केंद्र व्हावे असे म्हटले, की तीच माणसे शेजारच्या गावाकडे बोट दाखवतात. यात त्यांना दोष देण्याचे कारण नाही. गोमंतकाच्या अनुभवाने 'तात्पुरते' या शब्दावरचा विश्वासच उडवला आहे. मडगावचा कचरा सोनसोड्यावर दशकानुदशके साचत गेला आणि मे 2019 मध्ये त्या ढिगाला लागलेली आग कित्येक दिवस धुमसत राहिली. बायंगिणीच्या नियोजित प्रकल्पाला तेथील रहिवाशांनी वर्षानुवर्षे विरोध केला. अशा वातावरणात पेडणे तालुक्याला कचरा हस्तांतरण केंद्र असावे काय, हा प्रश्न वैद्यकाच्या नजरेने तपासून पाहावा असे मला वाटते.

हस्तांतरण केंद्र म्हणजे कचरा टाकण्याची जागा नव्हे. घरोघर फिरणारी लहान वाहने तेथे रिकामी होतात आणि तो कचरा मोठ्या, झाकलेल्या वाहनांतून प्रक्रिया प्रकल्पाकडे रवाना होतो. केंद्र सरकारच्या 2016 च्या घनकचरा नियमांत त्याची व्याख्या नेमकी अशीच केलेली होती. मुंबईत महालक्ष्मी, कुर्ला, वर्सोवा येथे अशी केंद्रे उभी राहिली, कारण कचरा उचलण्याची ठिकाणे आणि तो नेण्याची ठिकाणे यांत अंतर फार होते.

आपल्याकडे उत्तर गोव्याचा मोठा प्रकल्प साळगावच्या पठारावर 2016 साली सुरू झाला. दिवसाला 100 टन क्षमतेचा, पुढे 250 टनांपर्यंत वाढवलेला. पेडण्याच्या एका टोकाला हरमल-मोरजीचा किनारा, दुसऱ्या टोकाला इब्रामपूर-हणखणे, आणि मोपाच्या पठारावरून 5 जानेवारी 2023 पासून विमाने उडू लागली आहेत. पर्यटक वाढले, खानावळी वाढल्या, तसा कचराही वाढणारच. प्रत्येक पंचायतीचा लहान टेंपो अर्धाच भरून साळगावची वारी करू लागला, तर इंधन आणि मनुष्यबळ दोन्ही वाया जाते. मग फेऱ्या कमी होतात, आणि उरलेला कचरा ओहोळाच्या काठी किंवा काजूच्या बागेत जाऊन पडतो. केंद्र न उभारण्याचीही किंमत असते. ती विखुरलेली असल्यामुळे दिसत नाही, एवढेच.

मात्र केंद्राची बाजू घेताना आपल्या जमिनीचा विसर पडू नये. आपले सडे जांभ्याचे आहेत. जांभा सच्छिद्र, पावसाळ्यात सड्यावर मुरलेले पाणीच खाली झरीला आणि विहिरीला येते. ओल्या कचऱ्यातून निथळणारे काळे पाणी त्याच वाटेने जाऊ शकते. पेडणे तालुक्याला चांदेलच्या जलशुद्धीकरण प्रकल्पातून पाणी मिळते. तो परिसर इब्रामपूरच्या अगदी शेजारचा. अशा ठिकाणी जागा निवडताना चूक परवडणारी नाही.

दुसरी बाब वेळेची. उष्ण हवेत घरमाशीच्या अंड्यातून एका दिवसाच्या आत अळी बाहेर पडते आणि साधारण सात ते दहा दिवसांत नवी माशी तयार होते. डेंग्यूच्या डासालाही करवंटीतल्या पाण्यात जवळपास तितकाच अवधी पुरतो. म्हणून माझ्या मते सगळ्या वादाचे सार एका प्रश्नात आहे : सकाळी आलेला कचरा संध्याकाळी तेथून निघणार काय? निघत असेल तर तो थांबा. दोन-चार दिवस पडून राहत असेल तर तो ढीग, मग फलकावर नाव काहीही असो.

1994 मध्ये प्लेगने हादरलेल्या सुरतेने पुढे आपली सफाई व्यवस्था मुळापासून बदलली आणि त्या व्यवस्थेत हस्तांतरण केंद्रांनाही स्थान दिले. त्या शहराची ख्याती इमारतींमुळे पालटली नाही. रोजची उचल आणि रोजची देखरेख यांमुळे पालटली.

तेव्हा माझे उत्तर होकारार्थी आहे, पण अटींसह. केंद्राला पक्के छप्पर आणि काँक्रीटची जमीन असावी. निथळलेले पाणी बंद टाकीत जावे. विहिरी, झरी आणि वस्ती यांपासून पुरेसे अंतर असावे. आजूबाजूच्या विहिरींच्या पाण्याची तपासणी आधी व्हावी, नंतर नियमित होत राहावी आणि तिचे निष्कर्ष ग्रामसभेत वाचून दाखवावेत. कचरा किती वाजता आला आणि किती वाजता गेला, याची नोंदवही कोणाही ग्रामस्थाला पाहता यावी. हे लेखी मिळत नसेल, तर ग्रामसभेने नकार देणे हेच शहाणपणाचे.

आपणा डॉक्टरांचा वाटाही यात आहे. रुग्णालयातील कचरा 48 तासांहून अधिक काळ ठेवू नये, असा दंडक आपल्याला 2016 च्या जैववैद्यकीय नियमांनी घालून दिला. पण घरी इन्सुलिन घेणाऱ्याची सुई आज कोठे जाते? ती ओल्या कचऱ्यात मिसळली, तर केंद्रावर हाताने वर्गीकरण करणाऱ्या बाईच्या बोटात रुतते आणि तिला कावीळ-बीचा धोका पत्करावा लागतो. सुया जाड झाकणबंद डब्यात साठवून दवाखान्यात परत आणा, एवढे प्रत्येक रुग्णाला औषधाच्या चिठ्ठीबरोबर सांगणे आपल्याला अवघड नाही.

ओला व सुका कचरा घरातच वेगळा झाला आणि ओला परसातल्या माडाच्या आळ्यात जिरला, तर केंद्राकडे जाणारा भार किती तरी हलका होईल. नारळीच्या मुळाशी राख-पाचोळा घालणाऱ्या आपल्या वडीलधाऱ्यांना हे शिकवावे लागले नव्हते. केंद्र किती मोठे लागेल, हे शेवटी पेडण्यातील घराघरांच्या परसात ठरणार आहे.