किल्ल्याच्या किल्ल्या

इंग्लंडच्या दक्षिणेला डॉर्सेट परगण्यात पर्बेक नावाची डोंगररांग आहे. तिच्या खिंडीतल्या एका सुट्या टेकडीवर कॉर्फचा किल्ला उभा आहे. उभा आहे असे आपले म्हणायचे! बुरूज कललेले, भिंती अर्ध्यावर तुटलेल्या. पाहणाऱ्याला वाटते, शतकानुशतकांच्या ऊनपावसाने ही दशा झाली असावी. पण तसे नाही. हा किल्ला मुद्दाम, ठरवून पाडला गेला.

त्याचे जुने रहिवासी राजघराण्यातले. दगडी बांधकाम सुरू झाले अकराव्या शतकात, विजेत्या विल्यमच्या काळात. त्याच्याही आधी, ९७८ मध्ये, तरुण राजा एडवर्ड याचा कॉर्फलाच खून झाला आणि सावत्र भाऊ एथेलरेड गादीवर आला. पुढे जॉन राजाने इथे स्वतःसाठी महाल बांधला आणि इथेच आपल्या पुतणीला, एलेनॉरला, कैदेतही ठेवले. १५७२ मध्ये राणी एलिझाबेथने हा किल्ला विकून टाकला. १६३५ मध्ये तो सर जॉन बँक्स या बड्या कायदेपंडितांनी घेतला.

सात वर्षांतच राजा पहिला चार्ल्स आणि पार्लमेंट यांच्यात यादवी पेटली. सर जॉन राजाच्या बाजूचे, त्याच्याबरोबर बाहेर. किल्ल्यात राहिल्या त्यांच्या पत्नी लेडी मेरी, मुली आणि दासी. मे १६४३ मध्ये पार्लमेंटचे चाळीसेक खलाशी चार लहान तोफा मागायला आले, तेव्हा किल्ल्यावर पुरुष होते अवघे पाच. लेडी मेरींनी तोफ डागायला लावली आणि खलाशी पळाले. मग त्यांनी तडजोड म्हणून तोफा देऊन टाकल्या. शत्रू निर्धास्त झाला आणि तेवढ्या अवधीत यांनी धान्य आणि दारूगोळा भरून घेतला!

जूनमध्ये पाचशेहून अधिक सैनिकांचा वेढा पडला. आत शिबंदी ऐंशीच्या आसपास. शिड्या लागल्या तेव्हा वरच्या तटावरून लेडी मेरी, मुली आणि दासींनी दगड आणि जळते निखारे ओतले. सहा आठवड्यांनी वेढा उठला.

१६४४ च्या अखेरीस सर जॉन वारले. पुढच्या वर्षी पुन्हा वेढा पडला. फेब्रुवारी १६४६ मध्ये पिटमन नावाच्या आतल्याच अधिकाऱ्याने 'कुमक आणतो' असे सांगून शत्रूचे सैनिक आत घेतले. तट शाबूत राहिले. दार मात्र आतून उघडले गेले.

पुढच्याच महिन्यात पार्लमेंटने किल्ला पाडण्याचा ठराव केला. बुरुजांच्या पायाखाली खणून सुरुंगाची दारू ठासली गेली. आतल्या दरवाजाचा एक बुरूज तर अखंडच उतारावरून खाली सरकला. तो आजही तसाच उभा दिसतो. मोकळे झालेले दगड गावकऱ्यांनी नेले आणि त्यांतून गावातली घरे उठली.

जिंकलेला किल्ला कशासाठी पाडायचा? कारण किल्ल्याला निष्ठा नसते. आज आपल्या हाती आहे, उद्या तोच आपल्यावर उलटेल ही जेत्याची भीती. १८१८ मध्ये पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या अनेक गडांच्या पायऱ्या आणि वाटा सुरुंगाने उडवल्या, त्यामागेही हाच हिशेब होता. आपल्या तुटक्या गडवाटांकडे पाहताना मला म्हणूनच कॉर्फ परका वाटत नाही.

लेडी मेरींच्या शौर्याची कदर म्हणून शत्रूने किल्ल्याच्या किल्ल्या त्यांच्याकडेच राहू दिल्या, असे सांगतात. मुलगा राल्फ याने १६६० नंतरच्या काही वर्षांत जवळच किंग्स्टन लेसी हा नवा वाडा बांधला. त्याला ना तट, ना बुरूज. घराण्याने १९८१ मध्ये वाडा आणि किल्ला दोन्ही 'नॅशनल ट्रस्ट' या संस्थेला दिले. वाड्याच्या ग्रंथालयात त्या किल्ल्या आजही टांगलेल्या आहेत. त्यांनी उघडायचे दरवाजे पावणेचारशे वर्षांपूर्वीच गेले. बाईंचे नाव मात्र राहिले.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)