एचआयव्हीसह जगणाऱ्या पुरुषांतील गुदमार्गाचा एचपीव्ही संसर्ग

कर्करोगासंबंधी लिहिताना स्तन, मुख, गर्भाशयमुख या अवयवांची नावे आपण निःसंकोचपणे घेतो. गुदद्वाराचा उल्लेख मात्र सभ्य संभाषणात होत नाही; दवाखान्यातही ‘खालची जागा’ अशा मोघम शब्दांत तो उरकला जातो. या संकोचाची किंमत ज्यांना मोजावी लागते, त्यांत एचआयव्हीसह जगणारे पुरुष अग्रभागी आहेत. यास्तव यंदाच्या अहवालात हा विषय मुद्दाम घेतला आहे.

ह्यूमन पॅपिलोमा व्हायरस, म्हणजेच एचपीव्ही, या विषाणूचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात आहेत. पैकी ६ व ११ या प्रकारांमुळे जननेंद्रियांवर व गुदद्वाराभोवती चामखिळी येतात, तर १६ व १८ हे प्रकार कर्करोगास कारणीभूत ठरतात. गर्भाशयमुखाचा कर्करोग या विषाणूमुळे होतो, हे दाखवून देणारे जर्मन शास्त्रज्ञ हाराल्ड त्सुर हाउझेन यांना २००८ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. त्याच पुरस्काराचा उरलेला अर्धा भाग एचआयव्हीच्या संशोधकांना देण्यात आला होता. ज्या दोन विषाणूंच्या शोधांचा असा एकत्र गौरव झाला, ते एकाच शरीरात नांदू लागले म्हणजे काय होते, हे आता पाहू.

गुदनलिकेत आतड्याचे नाजूक अस्तर आणि त्वचेसारखे आवरण जेथे एकमेकांस मिळतात, तेथील पेशी सतत बदलत असतात. गर्भाशयमुखावरही अशीच सीमारेषा असते, आणि एचपीव्ही दोन्ही ठिकाणी तिलाच गाठतो. निरोगी शरीर बहुधा वर्ष-दोन वर्षांत हा संसर्ग परतवून लावते. एचआयव्हीने रोगप्रतिकारशक्ती क्षीण केलेली असल्यास तो ठाण मांडून बसतो आणि पेशींत कर्करोगपूर्व बदल घडवू लागतो. पूर्वी कधी सीडी४ पेशींची संख्या फार खालावली असेल, किंवा धूम्रपानाची सवय असेल, तर धोका अधिक वाढतो.

भारतात १ एप्रिल २००४ पासून शासकीय केंद्रांतून एआरटी औषधे मोफत मिळू लागली, मुंबईचे जे. जे. रुग्णालय त्या पहिल्या केंद्रांपैकी एक. या औषधांनी आयुष्ये वाढली. परंतु एचपीव्हीचे काम वर्षानुवर्षे संथपणे चालते, आणि वाढलेल्या आयुष्यात त्यालाही अवधी मिळतो. औषधे नियमित घेतल्याने धोका घटतो, तथापि नाहीसा होत नाही.

सर्वसाधारण लोकसंख्येत गुदद्वाराचा कर्करोग दरवर्षी लाखात एक-दोघांना होतो. एचआयव्हीबाधित व पुरुषांशी शरीरसंबंध असणाऱ्या पुरुषांत हे प्रमाण लाखात सुमारे ८५, तर इतर एचआयव्हीबाधित पुरुषांत सुमारे ३२ आढळले आहे. दुसरा आकडा लक्षात ठेवण्याजोगा आहे. गुदसंभोग कधीही न केलेल्या पुरुषातही हा संसर्ग आढळतो, कारण तो त्वचेच्या निकट स्पर्शातूनही पसरतो. निदान ऐकून कुटुंबीयांनी रुग्णाच्या चारित्र्याविषयी तर्क लढवू नयेत, हे येथे स्पष्टपणे सांगितले पाहिजे.

रक्त पडणे, गाठ लागणे, खाज, बसताना दुखणे ही लक्षणे दिसली की आपल्याकडे ‘मूळव्याध’ हा शब्द तयारच असतो. रुग्ण जडीबुटीच्या जाहिराती वाचतो, मलमे लावतो आणि मोलाचे महिने निघून जातात. कित्येकदा ती खरोखरच मूळव्याध असते. पण एचआयव्हीबाधित व्यक्तीने तपासणीखेरीज तसे गृहीत धरणे धोक्याचे आहे. प्राथमिक तपासणीस यंत्र लागत नाही. डॉक्टरांचे हातमोजा घातलेले बोट पुरेसे असते.

त्यापुढे कापसाच्या बोळ्याने पेशी घेऊन पॅप तपासणी करता येते. दोष आढळल्यास गुदमार्गाला सौम्य अ‍ॅसेटिक आम्ल लावून भिंगाखाली पाहतात व संशयित जागेची बायोप्सी घेतात. स्त्रीरोग विभागातील कॉल्पोस्कोप याही कामी येतो. त्यामुळे येथे यंत्रापेक्षा प्रशिक्षित डॉक्टरांची उणीव अधिक भासते, हे देणगीदारांनी ध्यानी घ्यावे.

असे बदल शोधून काढण्याचा उपयोग होतो का, ही शंका दीर्घकाळ होती. अमेरिकेतील ‘अँकर’ अभ्यासाने २०२२ साली तिचे उत्तर दिले. पस्तिशीपुढील सुमारे ४,४०० एचआयव्हीबाधित व्यक्तींत गंभीर कर्करोगपूर्व बदल आढळले होते. निम्म्यांवर उपचार झाले, निम्म्यांवर केवळ लक्ष ठेवले गेले. उपचार केलेल्या गटात ९, तर दुसऱ्या गटात २१ जणांना कर्करोग झाला. म्हणजे धोका ५७ टक्क्यांनी घटला. उपचारही बहुतांशी जागा बधिर करून, विद्युतदहनाने, बाह्यरुग्ण विभागातच झाले.

कर्करोग झालाच, तरी आशा सोडण्याचे कारण नाही. पूर्वी गुदद्वार काढून पोटावर कायमची पिशवी लावावी लागे. १९७४ मध्ये अमेरिकन शल्यविशारद नॉर्मन निग्रो यांनी किरणोपचार व औषधे एकत्र वापरण्याची पद्धत मांडली, आणि आज बहुतेक रुग्णांचा अवयव वाचतो.

प्रतिबंधक लस उपलब्ध आहे. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्व्हाव्हॅक’ जानेवारी २०२३ मध्ये दाखल झाली. ती ६, ११, १६ व १८ या प्रकारांविरुद्ध काम करते आणि ९ ते २६ वर्षे वयाच्या मुलग्यांनाही देता येते. एचआयव्हीबाधितांना तीन मात्रा घ्याव्या लागतात. आधीच जडलेला संसर्ग मात्र लसीने जात नाही.

रुग्णाची एचआयव्हीविषयक माहिती त्याच्या संमतीविना कोणासही सांगण्यास २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. त्यामुळे नातेवाइकांनी डॉक्टरांकडे तसा आग्रह धरू नये. दहनोपचारानंतर काही दिवस कोमट पाण्यात बसणे व शौचास घट्ट होऊ न देणे, एवढी शुश्रूषा घरी पुरते. ठरलेल्या तारखेस फेरतपासणीसाठी रुग्णास अवश्य आणावे, कारण हे बदल पुनःपुन्हा उद्भवतात.