कोरड्या माळावरचा मसूर

मसुराच्या झाडाची एक सवय शेतकऱ्याला आधी शिकून घ्यावी लागते. पाणी मुबलक मिळाले की ते वाढतच राहते. पाला माजतो, फुले येत राहतात, पण शेंगा नीट भरत नाहीत आणि दाटीत बुरशी शिरते. पावसाने वेळेवर ओढ दिली, तरच झाड वाढ थांबवून दाणे भरायला घेते. इतर पिकांना जी जमीन कोरडी पडते, ती म्हणूनच मसुराला मानवते. कॅनडातील सस्कॅचवान प्रांताच्या शेतकऱ्यांनी हे गेल्या पन्नास वर्षांत ओळखले. भारतात शिजणाऱ्या मसुराचा काही भाग आज तिथून येतो आणि त्या दाण्यातून तिथल्या मातीतले एक खनिजही येते.

या प्रांताच्या दक्षिणेकडचे गवताळ पठार जॉन पॅलिसर यांच्या मोहिमेने १८५७ ते १८६० या काळात पाहिले आणि त्याचा मोठा भाग शेतीला अयोग्य ठरवला. वर्षाचा पाऊस साधारण ३५० मिलिमीटर, हिवाळा कडाक्याचा, पीक घ्यायला जेमतेम शंभर दिवस. तरीही तिथे वस्ती झाली आणि गहू पेरला गेला. ओल टिकावी म्हणून एक वर्ष गहू आणि पुढचे वर्ष जमीन पड, अशी पद्धत रूढ झाली. उघड्या जमिनीची माती वाऱ्याने उडून जायची. १९३० च्या दशकातील दुष्काळात तर मातीची वादळे उठली आणि अनेक कुटुंबे शेत सोडून गेली.

पुढचे संकट दुष्काळाचे नव्हते. १९६० च्या दशकाच्या अखेरीस गहू इतका पिकला की कोठारे भरली आणि गिऱ्हाईक मिळेना. १९७० मध्ये कॅनडा सरकारने गव्हाऐवजी जमीन पड ठेवल्यास एकरी ६ डॉलर देण्याची योजना आणली. घरात धान्य आहे पण हातात पैसा नाही, अशा अवस्थेत शेतकरी दुसरे पीक शोधू लागले.

सस्कॅटून येथील सस्कॅचवान विद्यापीठात १९७१ मध्ये पीक विकास केंद्र सुरू झाले. पुढच्याच वर्षी अमेरिकेतील आयडाहोहून अल स्लिंकार्ड हे पीकशास्त्रज्ञ तिथे आले. मसुराचे अनेक नमुने त्यांनी त्या हवेत पेरून पाहिले. १९७८ मध्ये त्यांनी ‘लेअर्ड’ हे मोठ्या हिरव्या दाण्याचे आणि १९८० मध्ये ‘एस्टन’ हे लहान दाण्याचे वाण दिले. जे पीक त्या भागात जवळजवळ कोणाला ठाऊक नव्हते, त्याचे क्षेत्र २०१६ पर्यंत कॅनडात ५० लाख एकरांच्या वर गेले. त्यातला बहुतांश वाटा एकट्या सस्कॅचवानचा होता.

हे केवळ चांगल्या बियाण्याने झाले नाही. मसुराच्या मुळांवर गाठी धरून हवेतला नत्र जमिनीत आणणारे रायझोबियम जिवाणू तिथल्या मातीत पुरेसे नव्हते, म्हणून बियाण्याला त्यांची बीजप्रक्रिया करावी लागली. झाड वीतभर उंचीचे आणि शेंगा जमिनीलगत, त्यामुळे हार्वेस्टरच्या पात्यात दगड यायचे. पेरणीनंतर जड रोलर फिरवून दगड दाबून टाकण्याची पद्धत आली. माल सोलणाऱ्या, प्रतवारी करणाऱ्या गिरण्या गावांजवळ उभ्या राहिल्या. शेतकऱ्यांच्या संघटनेने विक्रीच्या रकमेतील ठरावीक वाटा कापून तो संशोधनाला दिला. म्हणजे नव्या वाणांचा खर्च काही अंशी शेतकऱ्यांनीच उचलला.

आता मातीतल्या खनिजाकडे. या पठारावरच्या जमिनीत सेलेनियम चांगल्या प्रमाणात आहे. शरीराला ते अगदी थोडे, प्रौढाला रोज सुमारे ५५ मायक्रोग्रॅम, लागते. थायरॉइडचे काम आणि पेशींचे संरक्षण करणारी काही विकरे त्याच्यावर चालतात. सस्कॅचवानच्या १०० ग्रॅम कोरड्या मसुरात दिवसाची ही गरज जवळपास भागेल इतके सेलेनियम असल्याचे २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले.

याचा उपयोग बांगलादेशात तपासला गेला. तिथे जुलाबाच्या साथी टाळण्यासाठी कूपनलिका खोदल्या गेल्या, पण त्यांच्या पाण्यात आर्सेनिक निघाले. लाखो लोकांच्या शरीरात हे विष वर्षानुवर्षे जात राहिले. त्वचेवर डाग आणि घट्टे, मूत्राशय, फुप्फुस व त्वचेचे कर्करोग हे त्याचे परिणाम. सेलेनियम आर्सेनिकशी जोडले जाऊन ते शरीराबाहेर टाकायला मदत करते. म्हणून सुमारे ४०० ग्रामस्थांना सहा महिने रोज मसूर देण्यात आला, काहींना सेलेनियमयुक्त आणि काहींना कमी सेलेनियमचा. पहिल्या गटात लघवीवाटे आर्सेनिक अधिक बाहेर पडल्याचे २०१९ मध्ये प्रसिद्ध झाले. याचा अर्थ डाळ खाऊन दूषित पाणी प्यावे, असा नाही. विहीर सुरक्षित करणे हाच खरा उपाय. सेलेनियमच्या गोळ्याही मनाने घेऊ नयेत, कारण हे खनिज जास्त झाले तर केस गळतात, नखे ठिसूळ होतात आणि मज्जातंतूंना इजा होते.

मसूर कुठल्या मातीतला, हे दुकानात सहसा कळत नाही. पण कुठलाही मसूर १०० ग्रॅममागे सुमारे २४ ग्रॅम प्रथिने, सुमारे ७ मिलिग्रॅम लोह आणि भरपूर फोलेट देतो. देशात १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय असल्याचे २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत आढळले. डाळीतले लोह शरीरात कमी शोषले जाते. आमटीवर लिंबू पिळले तर ते वाढते, जेवणावर लगेच चहा घेतला तर घटते. रक्तक्षय असलेल्यांनी मात्र केवळ आहारावर न थांबता तपासणी आणि औषधही घ्यावे. मूत्रपिंडाच्या रुग्णांनी डाळीचे प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

सस्कॅचवानची गोष्ट सुखान्त मात्र नाही. ॲफॅनोमायसिस हा मुळे कुजवणारा रोग तिथे २०१२ मध्ये आढळला. त्याचे बीजाणू मातीत वर्षानुवर्षे टिकतात आणि ओल्या वर्षी पिकाला धरतात. रोग असलेल्या शेतात सहा ते आठ वर्षे मसूर किंवा वाटाणा घेऊ नये, असा सल्ला दिला जातो. डिसेंबर २०१७ मध्ये भारताने आपल्या शेतकऱ्यांना भाव मिळावा म्हणून मसूर व हरभऱ्यावर ३० टक्के आयात शुल्क लावले आणि तिकडचे क्षेत्र घटले. पुढे ते शुल्क उतरवले गेले. एका पिकावरचे अवलंबन सोडायला निघालेला शेतकरी दुसऱ्या पिकावर आणि एका मोठ्या गिऱ्हाइकावर अवलंबून राहिला. आता तिथे बाकला, हरभरा, मोहरी यांचा फेरपालट पुन्हा अजमावला जात आहे.

महाराष्ट्राच्या अवर्षणप्रवण तालुक्यांना यातून मसूर उचलून आणायचा नाही. त्याला थंडी लागते आणि ती सगळीकडे मिळत नाही. माण, आटपाडी, जत अशा भागांतल्या हलक्या, मुरमाड जमिनीला हुलगा आणि मटकी, तर खोल काळ्या जमिनीत रब्बीच्या ओलीवर करडई ही ओळखीची पिके आहेत. कमी आहे ते सुधारित बियाणे, जवळची डाळ मिल आणि भावाची खात्री. त्यात एक वाटा शहरातल्या स्वयंपाकघराचाही आहे. हुलग्याचे माडगे आणि मटकीची उसळ आठवड्यातून दोनदा ताटात आली, तर मधुमेह आणि रक्तक्षय दोन्ही असलेल्या घरांना ते हिताचे आहे आणि कोरडवाहू शेतकऱ्याच्या मालाला गिऱ्हाईकही मिळेल.