टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे

मार्च संपला की माझ्याकडे तपासायला वार्षिक अहवालांची रीघ लागते. स्वयंसेवी संस्था, पतसंस्था, लहान कंपन्या. अहवाल इंग्रजीत, लिहिणारे बहुतेक मराठी माध्यमात शिकलेले. त्यांची भाषा स्वच्छ असते. चुका सापडतात त्या टक्क्यांच्या अलीकडे-पलीकडे, दोन-तीन अक्षरी शब्दांत.

एका मसुद्यात महाराष्ट्रातल्या स्त्री-साक्षरतेबद्दल लिहिलं होतं, ‘इन्क्रीज्ड टु ८.८४ पर्सेंट’. जनगणनेनुसार २००१ साली हा दर ६७.०३ टक्के होता, २०११ साली ७५.८७. ‘टु’च्या पुढे येतो तो जिथे पोचलो तो आकडा. म्हणजे या वाक्यानुसार राज्यातल्या शंभरांतल्या नऊ जणींनासुद्धा वाचता येत नाही! ‘टु’ खोडून ‘बाय’ केलं तरी काम भागत नाही. ६७.०३ मध्ये त्याचेच ८.८४ टक्के मिळवले तर उत्तर ७३च्या आत राहतं. वाढ आहे ८.८४ पर्सेंटेज पॉइंट्सची. मूळ दराच्या तुलनेत टक्क्यांत मांडायची तर सुमारे १३.२ टक्के.

लिहिणाऱ्या बाईंना फोन केला. “ताई, हेच मराठीत सांगा बरं.” क्षणाचाही विलंब न लावता त्या म्हणाल्या, “साक्षरता जवळजवळ नऊ टक्क्यांनी वाढली.” तो ‘नी’ म्हणजेच ‘बाय’. प्रत्यय अचूक येतो, कारण तो कुणी शिकवलेला नसतो. म्हणून मी सगळ्यांना सांगते, वाक्य अडलं की आधी मराठीत म्हणा आणि प्रत्यय पाहा. ‘ची’ आला तर ‘ॲन इन्क्रीज ऑफ’. ‘वर’ आला तर मात्र क्रियापदही पाहायचं. दर साडेसहा टक्क्यांवर नेला तर ‘टु’, साडेसहावर ठेवला तर ‘ॲट’.

एका जागी मराठीची ही मदत तोकडी पडते: ‘पर्सेंट’ आणि ‘पर्सेंटेज पॉइंट’ दोन्हींना आपण टक्काच म्हणतो. फेब्रुवारी २०२५ मध्ये रिझर्व्ह बँकेने रेपो दर ६.५० वरून ६.२५ वर आणला. ‘पाव टक्क्याची कपात’ म्हटलं की आपल्याला नेमकं कळतं. इंग्रजीत मात्र तिथे ‘२५ बेसिस पॉइंट्स’ किंवा ‘०.२५ पर्सेंटेज पॉइंट’ असंच लिहायला हवं. तिथे मी तडजोड करत नाही.

‘अ’ आणि ‘ॲन’ हे त्या मानाने सोपं प्रकरण. ते येतात पुढच्या नामासाठी, पण दोन्हींतलं कुठलं घ्यायचं ते आकड्याचा उच्चार ठरवतो. ‘अ ५ पर्सेंट राइज’, पण ‘ॲन ८ पर्सेंट राइज’. ११ आणि १८ हमखास निसटतात, कारण कागदावर ते एकाने सुरू होतात आणि तोंडात स्वराने. ‘अ १८ पर्सेंट टॅक्स’ मोठ्याने वाचलं की चूक आपोआप कळते. पुढे नाम नसेल तर हे दोन्ही नकोत: ‘रोझ बाय ८ पर्सेंट’, बस्स.

मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती ‘द’ची. ‘४० पर्सेंट ऑफ विमेन’ म्हटलं की विधान सरसकट स्त्रियांबद्दल होतं. ‘४० पर्सेंट ऑफ द विमेन’ म्हटलं की ते वाचकाला आधी ओळख झालेल्या ठरावीक स्त्रियांपुरतं राहतं, उदाहरणार्थ पाहणीत भेटलेल्या. संस्थेचे कार्यकर्ते चार गावांत फिरतात, घरोघर बसून प्रश्न विचारतात, आणि अहवालात एक ‘द’ गळल्यामुळे त्यांचा कष्टाने मिळवलेला खरा आकडा खोटा ठरतो. देणगीदार तो वाचून पुढच्या वर्षाचा निधी ठरवतात. म्हणून असं वाक्य आलं की मी परस्पर ‘द’ घालत नाही. समासात प्रश्न लिहिते: कोणत्या स्त्रिया, कोणती गावं, एकूण किती जणींना विचारलं? उत्तर आलं की ती संख्या टक्क्यांच्या शेजारी, त्याच वाक्यात घालायला लावते.