कॅमेऱ्याची बॅटरी लवकर संपते? नवी आणण्याआधी एवढे तपासा



गणपती जवळ आले की मंडळाच्या कपाटातला कॅमेरा बाहेर निघतो आणि दरवर्षी तीच तक्रार सुरू होते, "सकाळी चार्ज केला होता, आरतीलाच बंद पडला." फोटो चुकला तर हळहळ वाटते, पण ती चार दिवसांत विसरली जाते. मागे मात्र एक गोष्ट मनाला लागून राहिली. मंडळातल्या एका आजींच्या आठवणींचे चित्रीकरण आम्ही करत होतो. लग्न होऊन बडोद्यात आल्या तेव्हाचे वाडे, शेजार, मंगळागौरी असे सगळे त्या रंगून सांगत होत्या. कॅमेरा मध्येच बंद पडलेला कुणाच्या लक्षातच आले नाही. तासाभराच्या गप्पांतल्या निम्म्याच हाती लागल्या. "उरलेले पुढच्या वेळी घेऊ" म्हणालो आणि ती पुढची वेळ आली नाही.

त्यानंतर घाईघाईने दोन नव्या बॅटऱ्या आणल्या. आठवडाभरात त्याही तशाच! दोष बॅटरीत नव्हताच. कॅमेरा बंद केल्यावरही त्याची फोनशी जोडणी चालू राहत होती आणि कपाटात पडल्या पडल्या बॅटरी उतरत होती. म्हणून आमचे सांगणे एकच आहे: आधी दोष कुठे आहे ते शोधा, पैसे नंतर खर्च करा. कसे शोधायचे, ते क्रमाने देत आहोत.

१. "लवकर" म्हणजे किती?

कॅमेऱ्यासोबतच्या पुस्तिकेत एका चार्जवर किती फोटो निघतात हा आकडा दिलेला असतो. तो बहुधा सीपा या जपानमधल्या कॅमेरा उत्पादकांच्या संघटनेच्या पद्धतीने काढलेला असतो. त्या चाचणीत दर ३० सेकंदांनी एक फोटो काढतात, एकाआड एक फोटोला फ्लॅश मारतात आणि दर १० फोटोंनंतर कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करतात. तापमान २३ अंशांच्या आसपास ठेवतात.

कॅमेऱ्याकॅमेऱ्यांत फरकही मोठा असतो. निकॉन डी३५०० हा आरशाचा कॅमेरा भिंगातून पाहून फोटो काढला तर सुमारे १५५० फोटो देतो. कॅनन ईओएस १५००डी सुमारे ५०० देतो. सोनी ए६००० ला आरसा नाही, सगळे काही पडद्यावरच दिसते, त्यामुळे त्याचा आकडा सुमारे ३६० आहे. आरशाचा कॅमेराही मागच्या पडद्यावर पाहून वापरला तर आकडा निम्म्यावर किंवा त्याहूनही खाली येऊ शकतो. म्हणजे ए६००० तीनशे फोटोंना बंद पडला तर तो बिघडलेला नाही, ती त्याची रीतच आहे. व्हिडिओ घेताना तर बॅटरी आणखी झपाट्याने संपते, कारण पडदा, सेन्सर आणि आतला प्रोसेसर सतत चालू राहतात.

२. दोन दिवसांची परीक्षा

दोष बॅटरीत आहे की कॅमेऱ्यात, हे घरच्या घरी कळते. बॅटरी पूर्ण चार्ज करा, कॅमेऱ्यात घाला, कॅमेरा बंद करा आणि दोन दिवस हात लावू नका. मग चालू करून चार्ज किती उरला ते पाहा. त्यानंतर तीच बॅटरी पुन्हा पूर्ण चार्ज करून बाहेर काढून दोन दिवस ठेवा आणि कॅमेऱ्यात घालून पाहा.

- दोन्ही वेळा उतरली: बॅटरी म्हातारी झाली आहे किंवा चार्जर ती पूर्ण भरत नाही.
- फक्त कॅमेऱ्यात असताना उतरली: बंद असतानाही कॅमेरा काहीतरी खातो आहे.
- दोन्ही वेळा टिकली, पण वापरताना लवकर संपते: सवयी आणि सेटिंग तपासा.

३. बंद कॅमेराही बॅटरी खातो

हल्लीच्या कॅमेऱ्यांत वाय-फाय आणि ब्लूटूथ असते. फोटो आपोआप फोनवर जावेत म्हणून काही कॅमेरे बंद केल्यावरही ही जोडणी जागी ठेवतात. मेनूत जाऊन ती बंद करा, किंवा 'विमान' चिन्हाची सोय असेल तर ती लावा. जीपीएस असलेल्या कॅमेऱ्यांचेही तसेच आहे. कॅनन ईओएस ६डी मध्ये जीपीएस चालू ठेवले तर स्विच बंद असतानाही ते संकेत घेत राहते, असे पुस्तिकेतच लिहिले आहे. सगळे बंद करूनही बॅटरी उतरत असेल तर दुरुस्ती करणाऱ्याला दाखवावे. तोवर घरी आल्यावर बॅटरी काढून ठेवणे हा साधा उपाय. मात्र अनेक महिने बॅटरी बाहेर राहिली तर तारीख-वेळ पुन्हा लावावी लागते, कारण घड्याळाचा छोटा सेल बऱ्याच कॅमेऱ्यांत मुख्य बॅटरीवरच चार्ज होतो.

४. वापरताना काय खाते?

सगळ्यात जास्त खातात पडदा आणि फ्लॅश. पडद्याचा उजेड एक पायरी कमी करा. काढलेला फोटो आपोआप दिसण्याची वेळ दोन सेकंदांवर आणा. कॅमेरा एक मिनिटात आपोआप झोपेल असे लावा. प्रत्येक फोटो लगेच चारचौघांना दाखवण्याची सवय आपल्याकडे फार, तीही बॅटरीवरच चालते. बटण न दाबताही भिंग सतत फोकस शोधत राहते अशी एक सोय असते, ती बंद ठेवा. कॅमेरा तिपाईवर असेल तर हादरा कमी करणारी सोयही बंद करता येते. मांडवात झगमगाट असताना फ्लॅशची गरज नसते, आणि मागच्या रांगेतून मारलेला फ्लॅश तर रंगमंचापर्यंत पोहोचतही नाही.

५. बॅटरी, तिची टोके आणि चार्जर

बॅटरीवरची पिवळसर धातूची टोके आणि कॅमेऱ्यातल्या पट्ट्या मळल्या की वीज नीट पोहोचत नाही आणि भरलेली बॅटरीही रिकामी दिसते. टोके कोरड्या सुती कापडाने पुसा. पाणी लावू नका, सुईने खरवडू नका.

लिथियम-आयन बॅटरी काही शे वेळा चार्ज झाली की तिची क्षमता हळूहळू घटते. न वापरताही ती म्हातारी होते आणि उष्णतेने लवकर होते. मे महिन्यात उन्हात उभ्या केलेल्या गाडीत कॅमेरा विसरणे म्हणजे बॅटरीचे आयुष्य कमी करणे. महिनोन्महिने ठेवायची असेल तर पूर्ण भरून किंवा पूर्ण संपवून ठेवू नका. साधारण निम्मी भरून, घरातल्या थंड आणि कोरड्या जागी ठेवा. काही कॅमेरे मेनूत बॅटरीचे वय किंवा चार्ज धरण्याची ताकद दाखवतात, ते जरूर पाहा.

थंडीचे गणित वेगळे आहे. केदारनाथला गेलेल्यांनी अनुभवले असेल की थंडीत बॅटरी एकदम बसते. ती मेलेली नसते. आतल्या खिशात ठेवून ऊब दिली की पुन्हा चालते.

बॅटरी फुगलेली दिसली, किंवा खाचेत घट्ट बसू लागली, तर वापर लगेच थांबवा. टोचू नका, दाबू नका, घरच्या कचऱ्यात टाकू नका. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. २०२२ च्या नियमांनुसार वापरलेल्या बॅटऱ्या परत घेण्याची व्यवस्था करणे ही उत्पादकांची जबाबदारी आहे.

६. पेन्सिल सेलचे कॅमेरे

अनेक घरांत दोन पेन्सिल सेलवर चालणारे जुने छोटे कॅमेरे आहेत. त्यात घड्याळाचे स्वस्त सेल घातले तर थोड्याच फोटोंत बंद पडतात, कारण कॅमेऱ्याला लागणारा जोराचा प्रवाह ते देऊ शकत नाहीत. हेच सेल भिंतीवरच्या घड्याळात पुढे कितीतरी दिवस चालतात! कॅमेऱ्यासाठी चार्ज होणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घ्यावेत. त्यांचा दाब १.५ ऐवजी १.२ व्होल्ट असतो, तरी भार पडल्यावर तो ढासळत नाही. साधे चार्जेबल सेल नुसते पडूनही काही आठवड्यांत बरेच उतरतात, म्हणून चार्ज टिकवून ठेवणारा प्रकार मागावा. जुना आणि नवा सेल एकत्र घालू नये. मेनूत सेलचा प्रकार निवडायची सोय असेल तर तो बरोबर निवडावा, नाहीतर सेल भरलेले असूनही कॅमेरा "संपले" म्हणतो.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी

दोन बॅटऱ्या पूर्ण भराव्यात आणि त्यांवर १ आणि २ असे चिकटवावे, म्हणजे कोणती दगा देते ते कळते. वाय-फाय बंद आहे ना ते पाहावे. घरी दहा मिनिटांचा व्हिडिओ घेऊन किती चार्ज उतरला ते मोजावे, मग तासाला किती लागेल याचा अंदाज येतो. मुलाखत असेल तर कॅमेरा भिंतीच्या प्लगवर चालवण्याची सोय आहे का ते पाहावे, आणि एकाने फक्त कॅमेऱ्याकडे लक्ष ठेवावे. आजींच्या वेळी आमच्यापैकी सगळेच गोष्ट ऐकण्यात गुंगले होते.

हे सगळे करूनही अडचण राहिली तर कॅमेरा, बॅटरी आणि चार्जर तिन्ही घेऊन मंडळात या, एकत्र बसून पाहू. आणि घरात आजी-आजोबा असतील तर नव्या कॅमेऱ्याची वाट पाहू नका. आहे तोच चार्ज करा आणि येत्या रविवारी त्यांच्यासमोर बसा.