कचेरीतल्या शब्दांचं मूळ गाव

2023 च्या ऑगस्टअखेर अंबड तालुक्यातल्या अंतरवाली सराटीत मराठा आरक्षणासाठी उपोषण सुरू झालं आणि जालना जिल्ह्यात पारापारावर ‘हैदराबाद गॅझेट’ ऐकू येऊ लागलं. 2 सप्टेंबर 2025 च्या शासन निर्णयात मात्र शब्द आहे ‘गॅझेटियर’. हे दोन्ही एक नव्हेत, आणि आरक्षणासाठी जुन्या नोंदीचा कागद मागायला गेलेल्या माणसाला त्यांतला फरक माहीत असलेला बरा.

सोळाव्या शतकात व्हेनिस शहरात बातम्यांची पत्रकं निघत. ‘गॅझेटा’ हे तिथलं हलकं नाणं. त्यावरूनच पत्रकाला नाव पडलं, असं मानतात. पुढे सरकारी हुकूम आणि नेमणुका छापणाऱ्या पत्राला गॅझेट म्हणू लागले. तेच आपलं राजपत्र. गॅझेटियर म्हणजे मुळात अशा पत्रात लिहिणारा बातमीदार. लॉरेन्स एचर्ड या इंग्रजाने 1693 साली बातम्या वाचणाऱ्यांच्या सोयीसाठी गावा-शहरांचा एक कोश काढला. त्या कोशाच्या नावात हा शब्द होता. तिथून तो माणसापासून सुटला आणि पुस्तकाला चिकटला. एखाद्या मुलखातली गावं, नद्या, पिकं, जातीजमाती यांचं वर्णन करणारा ग्रंथ म्हणजे गॅझेटियर. तेव्हा हुकूम हवा असेल तर राजपत्र पाहावं, मुलखाचं वर्णन हवं असेल तर गॅझेटियर. आपल्या खापरपणजोबांचं नाव शोधायचं तर खासरा पत्रक, जन्म-मृत्यूची नोंदवही, शाळेचं प्रवेश-निर्गम रजिस्टर असल्या जुन्या दप्तरांतच हात घालावा लागतो.

दप्तर या शब्दाचा प्रवास तर याहून लांबचा. ग्रीक भाषेत ‘डिफ्थेरा’ म्हणजे कमावलेलं कातडं. त्यावर लिहीत. तो शब्द इराण-अरबस्तानात गेला, ‘दफ्तर’ झाला, फारसीबरोबर दख्खनेत उतरला आणि शेवटी आपल्या पोरांच्या पाठीवर येऊन बसला. घशात कातड्यासारखा पापुद्रा धरणाऱ्या घटसर्पाला इंग्रजीत डिफ्थेरिया म्हणतात, तोही याच घराण्यातला.

जालन्यात कचेरीची फारसी-अरबी बोली इतकी मुरलेली आहे, त्याला कारण आहे. हा मुलूख 1956 पर्यंत हैदराबाद राज्यात होता. जिल्हा म्हणून जालना वेगळा झाला 1 मे 1981 रोजी, औरंगाबादमधून. परतूर आलं परभणीकडून. पण ‘जिल्हा’ हा शब्द त्याच्या किती आधीचा! अरबीत ‘झिल्अ’ म्हणजे बरगडी, बाजू. राज्य हा देह धरला तर जिल्हा ही त्याची एक बाजू. ‘तालुका’ म्हणजे जोडलेलं, संबंधातलं, ‘ताल्लुक’ तोच. ‘तहसील’ म्हणजे वसुली, आणि ‘महसूल’ही त्याच अरबी धातूचा. इंग्रजीतला ‘डिस्ट्रिक्ट’ मात्र जरा करडा वाटतो. त्याच्या मुळाशी आवळून धरणं आहे. ज्या टापूत सरंजामदाराला जप्ती करून माणसांना ताब्यात ठेवता येई, तो त्याचा डिस्ट्रिक्ट.

वॉरन हेस्टिंग्जच्या काळात, 1772 साली, ईस्ट इंडिया कंपनीने ‘कलेक्टर’ नेमले. कलेक्टर म्हणजे गोळा करणारा. तहसीलचा अर्थही तोच. राज्यकर्ते वेगळे, भाषा वेगळ्या, पण दोघांनीही कचेरीचं नाव पैशाच्या वसुलीवरूनच ठेवलं. निजामाचे दिवाण सालारजंग यांनी हैदराबाद संस्थानात जिल्हे पाडल्यावर जिल्ह्याचा प्रमुख ‘अव्वल तालुकदार’ झाला. त्या नावात निदान वसुली तरी नाही. म्हणूनच महाराष्ट्र झाल्यावर रुळलेला ‘जिल्हाधिकारी’ मला मनापासून आवडतो. दुष्काळात टँकर लावणाऱ्या, निवडणूक पार पाडणाऱ्या माणसाला नुसता गोळा करणारा म्हणणं अन्यायाचं आहे.

खुद्द ‘गव्हर्नमेंट’च्या मुळाशी ग्रीकांचं जहाज आहे. सुकाणू धरणं या अर्थाची त्यांची क्रिया लॅटिनमधून इंग्रजीत आली. ‘सरकार’ फारसी: सर म्हणजे डोकं, कार म्हणजे काम. ‘जीआर’मधल्या ‘रेझोल्यूशन’चा लॅटिन अर्थ सैल करणं, गाठ सोडवणं. निर्णयाने लोकांची अडलेली गाठ सुटावी, ही अपेक्षा त्या शब्दातच आहे.

आता सातबारा हातात घ्या. माथ्यावर छापलंय ‘गाव नमुना सात’, खाली ‘गाव नमुना बारा’. तलाठ्याच्या दप्तरात एकापासून एकवीसपर्यंत नमुने असतात: सहा नंबरला फेरफार, आठ-अ मध्ये खातेदाराची एकूण जमीन. ‘फॉर्म’ लॅटिनमधला, अर्थ आकार, घडण, ‘नमुना’ फारसी. सरकारने फॉर्मला नमुना म्हटलं आणि लोकांनी नमुन्यांच्या आकड्यांनाच नाव करून टाकलं. नमुना सातचं छापील नाव आहे ‘अधिकार अभिलेख पत्रक’. बांधावर ते कुणी उच्चारत नाही, आणि त्यात शेतकऱ्याचं काही चुकत नाही. 1962 च्या पदनाम कोशापासून राजभाषेची जी घडण सुरू झाली, तिने मराठीला कचेरीत मानाची खुर्ची दिली. हे काम मोठंच. पण ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच कागदाचं नाव समजू नये, असे शब्दही त्याच घडणीतून आले. ‘भोगवटादार’, ‘पोटखराब’, ‘आणेवारी’ हे शब्द वापरून गुळगुळीत झालेत, ते कळतात. नवा शब्द करताना आधी चावडीवर काय म्हणतात ते विचारायला हवं.

क्षेत्राच्या रकान्यात हेक्टर आणि आर. क्रांतीनंतर 1795 साली फ्रान्सने नवी मापं ठरवली, त्यातलं ‘आर’ लॅटिन ‘एरिया’वरून. एक आर जवळजवळ गुंठ्याएवढा, म्हणून तो आपल्याकडे फारसा अडला नाही. तरी सौदा एकरातच होतो. एकर जुन्या इंग्रजीत नुसतं शेत होतं, आणि संस्कृतात शेताला, मोकळ्या मैदानाला ‘अज्र’ म्हणत. भाषापंडित या दोघांना सख्खे मानतात.

परक्या शब्दांची आवक झाली तशी आपल्या शब्दांची जावकही झाली. हैदराबाद राज्यात 1954-55 च्या सुमारास खासरा पहाणी झाली, आणि त्या कागदांना मराठवाड्याप्रमाणेच तेलंगणातही अजून किंमत आहे. तिथे आणि कर्नाटकातही जमिनीच्या उताऱ्याला लोक ‘पहाणी’ म्हणतात. ही आपली पाहणी, पाहणे या क्रियेतून आलेली. महाराष्ट्राने ऑगस्ट 2021 मध्ये नमुना बाराची नोंद शेतकऱ्याच्या मोबाइलवर दिली, तेव्हा नावासाठी कोश उघडावा लागला नाही. ई-पीक पाहणी म्हटलं आणि मंठा-भोकरदनच्या शिवारातही त्याचा अर्थ कुणाला समजावून सांगावा लागला नाही.