मालकी खासगी, तपासणी सार्वजनिक

वर्धा जिल्ह्यात पुलगाव ते आर्वी असा जो सुमारे ३५ किलोमीटरांचा अडीच फुटी लोहमार्ग सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी या खासगी कंपनीच्या मालकीचा म्हणून बांधला गेला, ज्याची व्यवस्था मुंबईच्या किलिक निक्सन या पेढीकडे होती आणि आर्वीकडचा कापूस पुलगावच्या मोठ्या लाईनीवर आणून घालणे हा ज्याचा मुख्य हेतू होता, त्याच्याविषयी आणि त्याच कंपनीच्या यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या ‘शकुंतले’विषयी विदर्भात आख्यायिकांना तोटा नाही. गाडी इतिहासजमा झाली. पण ‘कंपनीची गाडी, तिला विचारणार कोण?’ हा ग्रह मात्र टिकून राहिला, आणि आता खासगी प्रवासी कंपन्यांच्या पर्यटनगाड्या धावू लागल्यावर त्याने पुन्हा डोके वर काढले आहे. म्हणून काही गैरसमजांचे निरसन करणे अगत्याचे वाटते.

गैरसमज : खासगी मालकीच्या आगगाडीला सरकारी तपासणी लागू नव्हती.

वस्तुस्थिती : १८९० च्या रेल्वे अधिनियमाने ‘रेल्वे प्रशासन’ या संज्ञेत सरकारी लोहमार्गाप्रमाणे कंपनीचा लोहमार्गही धरला होता, निरीक्षकाचा लेखी अहवाल आणि सरकारची मंजुरी हाती आल्यावाचून उतारूंची वाहतूक सुरू करण्याची मुभा कोणालाच नव्हती. १८९७ मध्ये सुरू होऊन १९५४ साली सरकारने विकत घेतलेली बार्शी लाइट रेल्वेही याच कायद्याच्या अंमलाखाली चालली. प्रचलित १९८९ चा अधिनियम तर स्पष्टच सांगतो, की बिगर-सरकारी रेल्वेच्या बाबतीत मालक, पट्टेदार किंवा करारान्वये ती चालविणारा हाच ‘रेल्वे प्रशासन’ समजला जाईल. पुलगाव–आर्वी मार्ग कंपनीचा असला तरी त्यावर गाडी चालविण्याचे काम प्रथम ग्रेट इंडियन पेनिन्सुला (जी.आय.पी.) रेल्वेकडे व पुढे मध्य रेल्वेकडे होते, ही गोष्ट या दृष्टीने महत्त्वाची आहे. रूळ कोणाचे, यापेक्षा उतारूंना कोण वाहून नेतो, हे कायदा आधी पाहतो.

गैरसमज : तपासणारा अधिकारी रेल्वेचाच, तो आपल्याच खात्याला कसा अडविणार?

वस्तुस्थिती : गाडी चालविणाऱ्याच्याच हाती तिचा न्याय असू नये, या तत्त्वानुसार १९४१ साली रेल्वे निरीक्षणालय रेल्वे बोर्डापासून अलग करण्यात आले. १९६१ साली त्यास रेल्वे सुरक्षा आयोग हे नाव मिळाले, आणि १९६७ पासून हा आयोग रेल्वे मंत्रालयाच्या नव्हे, तर नागरी विमान वाहतूक मंत्रालयाच्या अखत्यारीत आहे. २०२४ च्या फेब्रुवारीत उद्घाटन झालेल्या वर्धा–कळंब या सरकारी लाईनीलाही उतारू वाहतुकीपूर्वी तपासणी व मंजुरी घेण्याची तीच कायदेशीर अट लागू होती, जी खासगी लाईनीला असते.

गैरसमज : डबा एकदा पास झाला की झाला.

वस्तुस्थिती : या आयोगाच्या सुरक्षा आयुक्ताची तपासणी नव्या मार्गाची आणि नव्या जातीच्या गाडीची असते, रोजची राखण कॅरेज व वॅगन खात्याचे कर्मचारी करतात. स्थानकात उभ्या डब्याच्या टोकाच्या भिंतीकडे सवडीने पाहावे : तो कोणत्या कारखान्यातून केव्हा दुरुस्त होऊन निघाला आणि कोणत्या तारखेच्या आत तेथे परत गेला पाहिजे, हे तेथे रंगाने लिहिलेले आढळते. जुन्या धर्तीच्या निळ्या डब्यांची मासिक व त्रैमासिक तपासणी, मधली मोठी तपासणी आणि सामान्यतः अठरा महिन्यांनी कारखान्यातील संपूर्ण दुरुस्ती, असा क्रम ठरलेला असतो. मोठ्या स्थानकात गाडी शिरताना रुळांच्या दोन्ही अंगांना उभे राहून कर्मचारी आस तापला आहे काय, चाक कोठे चपटले आहे काय, खाली काही लोंबते आहे काय, हे डोळ्यांनी आणि कानांनी टिपतात. आरंभस्थानकातून निघणाऱ्या उतारू गाडीचे सर्व ब्रेक चालू असल्याचा लेखी दाखला चालक व गार्ड यांच्या स्वाक्षरीने तयार झाल्याखेरीज गाडी हलत नाही.

गैरसमज : आजच्या ‘खासगी’ गाड्यांचे डबे खासगी, म्हणून त्यांची देखभालही खासगी.

वस्तुस्थिती : २०२१ साली जाहीर झालेल्या भारत गौरव योजनेत प्रवासाचा बेत, दर आणि सरबराई व्यावसायिकाची असली, तरी डबे रेल्वेकडून मुदतीच्या कराराने घेतलेले असतात आणि गाडी रेल्वेचाच चालक हाकतो. या योजनेतील पहिली गाडी २०२२ च्या जूनमध्ये कोइमतूरहून साईनगर शिर्डीस आली, तीही याच व्यवस्थेने. अंतर्भागाची सजावट बदलता येते; परंतु त्या मार्गावर पूर्वी न धावलेल्या जातीचा डबा आणावयाचा, तर १९८९ च्या अधिनियमाच्या कलम २७ अन्वये सुरक्षा आयुक्ताची काळजीपूर्वक तपासणी व केंद्र सरकारची पूर्वमंजुरी लागते. अमेरिकेत धनिक हौशी लोक स्वतःच्या मालकीचे डबे बाळगतात खरे. पण ते तेथील ॲमट्रॅक या प्रवासी रेल्वेच्या गाडीस जोडावयाचे, तर दरवर्षी तपासणीस उतरावेच लागते.

गैरसमज : डबा तपासलेला असला म्हणजे आतील प्रवासी सुरक्षित.

वस्तुस्थिती : २६ ऑगस्ट २०२३ रोजी मदुराई येथे लखनौहून आलेल्या यात्रेकरूंच्या खासगी आरक्षणाच्या डब्यास आग लागून नऊ जण दगावले. यात्रेकरूंनी नियम मोडून गॅस सिलिंडर आत आणला होता. चाके, ब्रेक आणि सांधे यांची ग्वाही खाते देऊ शकते. बिछान्याखाली लपविलेल्या सिलिंडरची ग्वाही त्याला कशी देता येईल? असा ज्वालाग्राही माल गाडीत नेल्यास कलम १६४ नुसार तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

तेव्हा वर्धा, पुलगाव वा हिंगणघाटहून काशी-रामेश्वरासाठी जी मंडळी अख्खा डबा राखून ठेवतात, त्यांनी एवढे ध्यानी धरावे, की भाडे भरून डबा आपल्यापुरता होतो, कायदा आपल्यापुरता होत नाही. स्वयंपाकाची सोय व्यवस्थापकाकडून आधीच ठरवून घ्यावी आणि स्टोव्ह व सिलिंडर घरीच ठेवावेत.